आता काही टाकू नका

शेडनेटमधलं झाड मान टाकतं तेव्हा मालकाला सगळ्यात आधी आठवतं ते कृषी सेवा केंद्र. दुकानदाराचंही काही चुकत नाही. समोर घामाघूम गिऱ्हाईक, त्याच्या मोबाइलमध्ये करपलेल्या पानाचा फोटो आणि मागच्या फळीवर पन्नास बाटल्या. ‘काही घेऊ नका, घरी जा’ असं म्हणणारा दुकानदार मी परतवाड्यात अजून पाहिला नाही, आणि ज्याला दुकान चालवायचं आहे त्यानं तसं म्हणावं अशी माझी अपेक्षाही नाही. ते म्हणायचं काम माझ्याकडे येतं. खरं सांगायचं तर उन्हाळ्यात मी फी घेते ती बहुतेक या एकाच वाक्याची.

अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात उद्यानविद्या शिकले आणि परत आपल्याच मुलखात आले. अचलपूर, चांदूर बाजार, अंजनगाव सुर्जी एवढा माझा टापू. थंडीत संत्र्याच्या बागा, पावसाळ्यात रोपवाटिका, आणि होळी झाली की शेडनेट. होळीनंतरचे फोन ऐकूनच कळतं की पारा कुठं गेलाय.

अचलपूर सातपुड्याच्या अगदी पायथ्याला. घाट चढून तासाभरात सुमारे ११०० मीटर उंचीवर चिखलदऱ्याला पोचावं तर तिथे मे महिन्यातही संध्याकाळी अंगावर काही घ्यावंसं वाटतं. खाली आमच्याकडे त्याच वेळी अंगणातली फरशी पाय ठेवू देत नाही. ४४-४५ अंश हे आमचं नेहमीचं. अकोला तर दर उन्हाळ्यात देशातल्या तापलेल्या शहरांच्या यादीत वर असतं. अशा मुलखात जाळीखालची शेती आली ती बरीचशी अनुदानाच्या बोटाला धरून. आधी फलोत्पादन अभियानाचं निम्मं अनुदान होतं, मग २०१८ पासून नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प, म्हणजे आपला ‘पोकरा’, पूर्णा खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्याच्या गावांतही शेडनेट घेऊन गेला. योजना वाईट नाही. फक्त ज्या हवेत माणूस दुपारी घराबाहेर पडत नाही तिथे ढोबळी मिरचीनं दिवसभर उभं राहावं, ही अपेक्षा जरा जास्त आहे. या पिकाला २१ ते २८ अंशाचा दिवस मानवतो. पारा ३५ च्या पुढे गेला की फुलातला परागच निकामी होतो आणि फूल देठासकट गळतं.

लोकांना वाटतं, जाळी म्हणजे सावली आणि सावली म्हणजे गारवा. हिरवी पन्नास टक्क्यांची जाळी ऊन निम्म्यावर आणते हे खरं, पण ते ऊन ती स्वतः पिते, तापते आणि तीच धग खाली सोडते. बाजूला किडे येऊ नयेत म्हणून बारीक छिद्रांची ४० मेशची जाळी लावलेली असते. एप्रिलपर्यंत तिच्यात एवढी धूळ बसते की वारा आत शिरतच नाही. एका दुपारी मी एकाच वेळी दोन थर्मामीटर टांगले होते. बाहेर निंबाच्या सावलीत ४३, आत पिकाच्या उंचीवर ४६. मालक म्हणाला, “मंग जाळीचे पैसे कायले भरले?” त्याचं म्हणणं रास्त होतं.

या माणसाचंच शेडनेट मी जरा तपशिलानं सांगते. सापन नदीच्या काठाकडचं गाव, दहा गुंठे जाळी, आत अडीच हजारांच्या आसपास झाडं. लग्नसराईत रंगीत मिरचीला भाव येतो म्हणून फेब्रुवारीत लावलेली. आमच्याकडे ढोबळी मिरची ऑगस्टमध्ये लावावी आणि उन्हाच्या आधी मोकळं व्हावं. फेब्रुवारीची लागवड म्हणजे ऐन तारुण्यात झाडाला भट्टीत ढकलणं. पण लावून झाल्यावर हे बोलून उपयोग नसतो, म्हणून बोलले नाही. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात त्याचा फोन आला.

“ताई, झाडं माना टाकून राह्यले जी. कालपासून दोनदा पानी सोडलं.”

“आता सोडू नका. मी पहाटे येते.”

“पहाटे कायले? दुपारी या ना. दुपारीच तं दिसते सारं.”

दुपारी सगळंच दिसतं, म्हणूनच दुपारी काही कळत नाही. भर उन्हात पान लुळं पडणं हा झाडाचा शहाणपणा आहे. उन्हाला कमी अंग दाखवायचं आणि पाणी राखायचं. संध्याकाळी ते पुन्हा उभं राहतं. रात्रभराचा गारवा मिळूनही जे झाड पहाटे मान वर करत नाही, त्याच्या मुळात काहीतरी बिनसलेलं असतं. म्हणून मी दिवस फटफटायच्या वेळेलाच जाते. त्या वेळी मालकही थोडा निवलेला असतो.

आत गेले तर बरीचशी झाडं उभी होती. पश्चिमेकडच्या ओळी मात्र तशाच लोंबत होत्या. मातीत बोट घातलं. मुठीत धरली तर गोळा झाला आणि बोटांना चिकटला. पाणी कमी नव्हतंच. लोंबणारं एक झाड उपटलं. मूळ चिमटीत धरून हलकं ओढलं की वरची तपकिरी साल निघून हातात येई आणि आत नुसता दोरा राही. नाकाशी नेलं तर कुजका वास. ओळ बदलून उभ्या झाडांपैकी एकाच्या बुंध्याशी उकरलं. तिथे मुळांची टोकं पिंगट झाली होती, पण अधूनमधून पांढरी जिवंत टोकं दिसत होती. एवढं पुरे होतं.

मग पानं पाहिली. खालच्या पानांच्या कडा करपलेल्या, जणू कुणी उदबत्ती फिरवली. मधली पानं गर्द, जवळजवळ काळपट हिरवी, टोकं खाली वळलेली. वरची कोवळी पानं अजूनही द्रोणासारखी किंचित वर वळलेली. मालकाला या वळलेल्या पानांवरून ‘बोकड्या’ आल्याची खात्री होती आणि त्यावरचं औषध आदल्या दिवशी मारूनही झालं होतं. बोकड्यात पान बारीक होतं, शिरांत आक्रसतं आणि पहाटेही तसंच राहतं. उन्हानं वळलेलं पान सकाळी बऱ्यापैकी उलगडतं. ही पानं बरीचशी उलगडली होती. मल्चिंगच्या चंदेरी कागदाला रोपासाठी पाडलेल्या भोकांभोवती पांढरी खपली धरली होती. ती कसली, हे विचारायची गरज नव्हती. तरी विचारलं, “काय काय सोडलं आतापर्यंत?”

तो आठवायला लागला. त्याची बायको आत गेली आणि मुलाची जुनी गणिताची वही घेऊन आली. मागच्या कोऱ्या पानांवर वहिनींनी तारीखवार सगळं लिहून ठेवलं होतं, स्वच्छ अक्षरात, किलो-लिटरसकट. त्या एका आठवड्यात विद्राव्य खत १९:१९:१९ दोनदा, १३:०:४५, कॅल्शियम नायट्रेट, ह्युमिक, सूक्ष्म अन्नद्रव्यं, ‘पांढरी मुळी’ वाढवणारं एक काहीतरी, वरून बुरशीनाशकाची आळवणी. लागवडीच्या वेळी कोंबडीखत, तेही नीट न कुजलेलं. आमच्या जिल्ह्यात कोंबडीपालन भरपूर, खत हाताशी मिळतं, त्याचा मोह सुटत नाही. प्रत्येक नोंदीपुढे कंसात सल्ला देणाऱ्याचं नाव: दुकानवाले, भाचा, मोबाइलवरचा व्हिडिओ, पुन्हा दुकानवाले. इतकी प्रामाणिक केस-हिस्टरी डॉक्टरांनाही मिळत नसेल.

खिशातलं क्षार मोजायचं ईसी मीटर काढलं. मुळाजवळची एक वाटी माती, दोन वाट्या शुद्ध पाणी, ढवळून थोडं थांबायचं आणि मीटर बुडवायचं. आकडा २.१. या पद्धतीनं ढोबळी मिरचीला १ च्या आसपास बरा. विहिरीचं पाणी तपासलं, ते ०.७, पायथ्याचं गोडं पाणी. म्हणजे क्षार पाण्यातून आले नव्हते, ते पिशव्यांतून आले होते.

आत काय चाललं होतं ते त्या दोघांना तिथेच बसून सांगितलं. ऊन चढलं की पान आपली बारीक छिद्रं मिटून घेतं. छिद्रं मिटली की पाणी उडत नाही, पाणी उडालं नाही की मूळ खालून ओढत नाही. मग जे खत सोडलं ते जातं कुठं? मातीतच राहतं. वरून पाणी सुकत जातं आणि मागं राहिलेलं पाणी खारट होत जातं. एका टप्प्याला माती झाडाला पाणी द्यायच्या ऐवजी अडवून धरते. झाड ओल्या मातीत तहानलेलं राहतं. मालक ते सुकलेलं बघून आणखी पाणी सोडतो. काळ्या जमिनीत हवा कोंडते, मूळ गुदमरतं, कुजतं. पानं पिवळी पडली की वाटतं भूक लागली, आणि पुढची पिशवी फुटते.

“म्हंजे आमीच मारलं झाडाले?” वहिनींनी विचारलं.

“उन्हानं अर्धं आणि सगळ्यांनी मिळून अर्धं,” मी म्हणाले. वहीतल्या नावांपैकी कुणाला वेगळं काढण्यात अर्थ नव्हता. प्रत्येकानं आपापल्या परीनं बरंच सांगितलं होतं. सगळं एकाच आठवड्यात झालं एवढंच.

“मंग आता काय टाकू?”

“आता काही टाकू नका.”

“काईच नाई?”

हा प्रश्न मला दरवर्षी विचारला जातो आणि दरवर्षी त्या चेहऱ्यावर एकच भाव असतो, की बाई पैसे घेऊन टाळतेय. म्हणून मी खताच्या टाकीजवळ गेले, ठिबकमध्ये खत ओढणाऱ्या व्हेंचुरीचा कॉक बंद केला आणि त्याला सुतळीच्या दोन गाठी मारल्या. कॉक हातानंही बंद राहतो. पण गाठ सोडताना माणूस क्षणभर थांबतो, आणि मला तो क्षण हवा असतो.

मग कामाला लागलो. पश्चिमेच्या ओळी काढून टाकल्या, मुळं आणि भोवतालची माती गोळा करून धुऱ्यापलीकडे पुरली. उरलेल्या वाफ्यांना आधी पाणी बंद, म्हणजे मातीत हवा शिरावी. त्यानंतर साध्या पाण्यानं क्षार खाली लोटायचे. हलक्या जमिनीत एकाच दमात भरपूर पाणी सोडून हे होतं. आमच्या काळ्या मातीत तसं केलं तर उरलेली मुळंही बुडतील. म्हणून सकाळी जास्त वेळ ठिबक चालवायची, मग वाफसा येऊ द्यायचा, पुन्हा चालवायची, आणि दर वेळी मीटर बुडवून बघायचं. गादीवाफे उंच होते आणि कडेला चर नीट होते, तेवढं एक बरं होतं.

पाण्याची वेळ हा वेगळाच विषय. दुपारी ठिबकच्या काळ्या नळीवर हात ठेवून बघा, ठेववत नाही. दुपारी मोटर चालू केली की झाडाला पहिल्यांदा मिळतं ते त्या नळीत साठलेलं कढत पाणी, तेही थेट मुळावर. लोक कळवळून भर दुपारी पाणी देतात आणि मूळ भाजून काढतात. पाणी उजाडता उजाडता द्यायचं, आणि दिवसा द्यायचंच तर नळीची टोकं सोडून गरम पाणी आधी बाहेर काढायचं.

उन्हासाठी मोठी खरेदी काहीच केली नाही. बाजूच्या जाळ्या पाण्याच्या फवाऱ्यानं धुतल्या. धुतलेल्या जाळीतून वारा लगेच जाणवतो. पूर्वेकडची जाळी हातभर वर गुंडाळली. फुलकिडे आत येतील, अशी भीती मालकाला होती आणि ती खोटी नव्हती. पण त्या आठवड्यात किड्यापेक्षा धग मोठी शत्रू होती, तेव्हा चिकट सापळे वाढवले आणि जोखीम घेतली. पश्चिमेला तुराट्यांच्या ताट्या बांधल्या, कारण दुपारनंतरच्या झळा तिकडूनच येतात. मल्चिंगचा कागद तापू नये म्हणून वर सोयाबीनचं कुटार पसरलं. फॉगर होते, पण क्षारांनी तोंडं बुजलेली. ती सिरक्यात भिजवून साफ केली. दुपारी थोडा थोडा वेळ चालवायचे आणि चारनंतर बंद, कारण रात्री पान ओलं राहिलं तर बुरशीला आमंत्रण. आणि आतल्या तारांवर, झाडांच्या वर दोन हात, दुपारपुरत्या जुन्या साड्या ताणल्या. पांढऱ्या आणि फिक्या रंगाच्या साड्या वहिनींनी गावभरातून गोळा केल्या. शेजारचे बघायला आले, हसून गेले. मालक ओशाळला. वहिनी म्हणाल्या, “हसू द्या. त्यांच्याच घरच्या साड्या हायेत.”

सगळ्यात अवघड गेलं ते फळं तोडणं. झाडांवर सुपारीएवढी, लिंबाएवढी मिरची लागलेली होती. लग्नसराईचा सगळा हिशेब तिच्यावर होता. आजारी झाडानं फळ पोसायचं की मूळ, यातलं एकच होणार होतं. फळ ठेवलं तर झाड आपला जीव काढून त्याला देतं, आणि फळही धड होत नाही. अर्ध्या फळांच्या बुडाशी काळे चट्टे पडलेलेच होते. त्या चट्ट्याचं कारण चुन्याची, म्हणजे कॅल्शियमची उणीव. आमच्या जमिनीत चुनखडीचे खडे पायाला टोचतात, त्यावर कॅल्शियम नायट्रेटही सोडलेलं, आणि तरी फळाच्या बुडाला चुना पोचत नाही, कारण तो फक्त वाहत्या पाण्याबरोबर चढतो आणि झाडातलं पाणीच थांबलेलं. मालकानं कात्री हातात घेतली, दोन फळं कापली आणि मोटर बघायच्या निमित्तानं बाहेर निघून गेला. बाकीची ओळ वहिनींनी कापली. टोपली भरत गेली. आम्ही दोघी फारसं बोललो नाही.

करपलेली पानं मात्र काढू दिली नाहीत. बायामाणसांचा हात सफाईकडे जातो, पिवळं दिसलं की खुडायचं. ते पान पुन्हा हिरवं होणार नाही हे खरं, पण खोडावर सावली धरतं आणि थोडंफार अन्नही करतं. नवीन फूट आली की आपोआप गळेल. दुसरं म्हणजे करपलेली पानं रोज डोळ्यांसमोर राहतात आणि ‘सुधारणा काहीच नाही’ असं वाटत राहतं. यावर माझा एक तोडगा आहे. वेगवेगळ्या ओळींतल्या काही झाडांना शेंड्याच्या अगदी खाली लाल दोरा बांधायचा. दोऱ्याच्या खालचं सगळं जुनं, ते बघायचंच नाही. दोऱ्याच्या वर जे येईल तेच खरं. आठ-दहा दिवसांत तिथे नवीन पान यायला हवं. सपाट, फिकट हिरवं, कडा शाबूत. ते आलं तर झाड वाचलं. लक्ष्य एवढंच ठेवलं, मृग लागेपर्यंत झाड जिवंत ठेवायचं. ढोबळी मिरचीचं झाड आठ-नऊ महिने चालतं. जूनमध्ये हवा निवली की ते पुन्हा फुलावर येऊ शकतं.

या थांबण्याच्या दिवसांत मला पानमळे आठवतात. पथ्रोट, अंजनगाव सुर्जी, तिकडे अकोटपर्यंत बारी समाजाचे पानमळे आणि पानपिंपळीच्या बागा आहेत. त्रिकटूत सुंठ आणि मिऱ्यांबरोबर जी पिंपळी लागते ती हीच. पानवेल आणि पिंपळी दोन्ही मिरीच्या कुळातल्या, ओल्या जंगलातल्या सावलीच्या वेली. त्यांना वऱ्हाडच्या उन्हात जगवणं हेच मुळात धाडस. आणि ते शेडनेट नावाची वस्तू येण्याच्या कितीतरी आधीपासून चालत आलेलं. आधाराला शेवरी, पांगारा, शेवगा. भोवती दाट कूड. आत गेलं की उजेड हिरवा होतो आणि अंगावरचा घाम थंड लागतो. विकतच्या जाळीची सावली आणि या सावलीत फरक आहे तो पाण्याचा. शेवरीचं पान स्वतः पाणी उडवतं आणि त्यात हवेतली धग खर्च होते. जाळीला ते जमत नाही. मळ्यात चप्पल काढून जायचं असतं. कारण विचारलं तर देवाचं सांगतात. मला त्यात वेलीच्या मुळांची मर आणणारी माती बाहेर ठेवण्याचा फायदाही दिसतो.

त्या मळ्यांतली खताची रीत मात्र मी मुद्दाम जाऊन बघितली आहे. पेंड देतात ती मुठीनं, कुजवून, पावसाळी हवेत. चैत्र-वैशाखात वेलीला खायला घालायचं नाही, फक्त पाणी, थोडं थोडं आणि वारंवार. एका म्हाताऱ्या काकाजींना मी विचारलं, उन्हाळ्यात वेल पिवळी पडली तर काय करता? ते म्हणाले, “काय करन? पाह्यतो.” हे सोपं वाटतं तितकं नाही. त्यांच्यावर त्या महिन्यात दुकानाची उधारी नव्हती आणि बँकेचा हप्ताही नव्हता. शेडनेटवाल्याला नुसतं बघत बसणं परवडत नाही, म्हणून तो काहीतरी टाकतो. टाकलं की निदान आपण काही केलं असं वाटतं.

पानमळ्यांचे गोडवे गाऊन थांबणंही बरोबर नाही. गेल्या काही वर्षांत तेही उन्हानं करपतात, अवकाळीनं झोडपले जातात, आणि पिंपळीची बाग मोडून केळी लावणारे मी पाहिलेत. जुन्या रीतीत शहाणपण आहे, पण तिला मजूर लागतो, आणि कूड बांधणारे हात आता सुरतेला नाहीतर पुण्याला आहेत.

संत्र्यावाल्यांना तर झाडाला मुद्दाम ताण द्यायची कला पिढ्यांपासून येते. अंबिया बहरासाठी ऐन थंडीत पाणी तोडायचं, पान सुकल्यासारखं दिसेपर्यंत धीर धरायचा, मग पाणी देऊन फूल काढायचं. तोच माणूस जाळीतली मिरची दुपारी लुळी पडलेली बघून घाबरतो. संत्र्याच्या झाडावर त्याचा वीस वर्षांचा विश्वास असतो. मिरची त्याला परकी वाटते.

सगळीच झाडं वाचतात असं नाही. त्याच महिन्यात खाली पूर्णेच्या बाजूला, खारपाणपट्ट्यातल्या एका गावात काकडीचं शेडनेट बघायला गेले. माणूस हुशार, खत मोजून देणारा, वहीत एकही जास्तीची नोंद नाही. बोअरच्या पाण्याचीच ईसी ३ च्या पुढं आणि पीएच साडेआठ. तिथे क्षार धुवायचे कशानं? ज्या पाण्यानं धुवायचं तेच खारट. शेततळ्यात पावसाचं साठवलेलं पाणी मार्चमध्येच संपलं होतं. मातीत सोडियम एवढा की पाणी मुरतच नव्हतं, वर तसंच तळ्यासारखं साचून राहायचं. त्याला मी सांगितलं, वेल उपटा, मोटर बंद करा, जूनमध्ये माती तपासून जिप्सम टाका आणि पहिला पाऊस वाफ्यांत मुरू द्या. जाळीत पुढचं पीक ऑगस्टच्या आधी नको. अशा वेळी औषधाचं नाव न सांगणं सोपं असतं. पीक सोडून द्या हे सांगणं जड जातं, कारण समोरच्याला ते ऐकायचं नसतं आणि तरी तो शांतपणे ऐकून घेतो. त्यानं चहा पाजला आणि माझ्या हातात फीचं पाकीट ठेवलं. मी ते घेतलं. नाही म्हटलं असतं तर त्याला जास्त लागलं असतं.

इकडे सापनकाठी रोज फोन येत होता. सकाळी मालकाचा, रात्री भाच्याचा. एक जण म्हणे ताक फवारा, दुसरा म्हणे गूळ-बेसनाची स्लरी सोडा, तिसऱ्यानं कुठल्या तरी टॉनिकची बाटली आणूनच दिली, समुद्री शेवाळाच्या अर्काची. नाही म्हणून म्हणून माझा घसा बसला. शेवटी ती बाटली मी मंजूर केली: एकदाच, सूर्य कलल्यावर, सांगितलेल्या मात्रेच्या निम्म्यानं, पानावर. शेवाळाचा अर्क अशा झाडाला अपाय करत नाही, झालाच तर थोडा उपयोग होतो. आणि घरात उघडी असलेली बाटली मोजून वापरलेली बरी, नाहीतर ती एखाद्या रात्री कुणीतरी पूर्ण ओतून मोकळं होतं.

मे लागला तेव्हा वाफ्यातली माती १.२ वर आली होती. लाल दोऱ्याच्या वर पहिली पानं आली ती लहान होती, फिकी होती, पण सपाट होती. वहिनींनी फोनवर फोटो पाठवला तो इतक्या जवळून की त्यात पान कमी आणि त्यांचा अंगठाच जास्त दिसत होता. बुंध्याशी उकरलं तर मुळांची पांढरी टोकं कुटाराखाली ओलसर मातीत पसरलेली. झाडं ठेंगणीच राहिली. लग्नसराई गेली ती गेलीच. वाचलेल्या झाडांनी जूनअखेरीस फूल धरलं आणि श्रावणात माल दिला. भाव साधा मिळाला. खर्च निघाला, नफा म्हणावा असं काही नाही, पण जाळीचा हप्ता त्या झाडांनीच भरला.

झाडं सुधारली ती शेवाळाच्या बाटलीनं, असं मालक आता गावात सांगतो. दुकानात त्या टॉनिकच्या बाटल्या पुढच्या फळीवर आल्यात. मी एकदा समजवायला गेले, मग सोडून दिलं. वहिनींच्या वहीत मात्र त्या तीन आठवड्यांच्या प्रत्येक तारखेपुढे एकच नोंद आहे: ‘पाणी. खत नाही.’

मृगाचा पहिला पाऊस पडला त्या संध्याकाळी त्याचा फोन आला. मागे पावसाचा आवाज एवढा की निम्मं ऐकू येईना.

“ताई, झाडं मस्त झाले जी. आता तरी १९:१९:१९ सोडू काय थोडं?”

“किती सोडणार?”

“पाच किलो?”

“अर्धा किलो. तेही दोन दिवस उघडीप पडल्यावर. आणि वहिनींना फोन द्या, सुतळी त्याच सोडतील.”